तान्ह्या पोळ्याचा नाताळ

आमचे हे मनाने फार चांगले. कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी बाळ झालं, कोणाच्या घरावरची कवेलू वाऱ्याने उडाली, की यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी यायचं आणि हे म्हणायचे, ‘‘आपण जायलाच पाहिजे.’’ नुसतं म्हणून थांबायचे नाहीत. कसं जायचं, सोबत कोण येणार, काय न्यायचं, सगळं ठरवायला बसायचे. ठरवता ठरवता बाळ रांगायला लागायचं.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. हे नागपूरला सरकारी कचेरीत होते आणि मी शाळेत शिकवत होते. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक धर्मगुरूला पाळक, उपासकांच्या समाजाला मंडळी आणि चर्चला देऊळच म्हणतो. तिथे दर रविवारी हे पेटी वाजवायचे आणि मंडळीचं गायकमंडळही हेच चालवायचे. मी त्यात खालच्या पट्टीत गायचे. माझा आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत असताना मला गाण्याच्या रांगेतून मागे बसवलं होतं. एका बाईंनी हाताला धरून पुन्हा उभं केलं आणि म्हणाल्या, ‘‘घोगरा आहे तर काय झालं? ढोलकीही घोगरीच असते.’’

त्या बाई आमच्या मंडळीतल्या. लग्न केलेलं नव्हतं. उभा जन्म मुलींना शिकवण्यात गेला. आमच्या गायकमंडळातल्या निम्म्याहून अधिक लोकांना त्यांनीच सूर दिला होता. हातात लाकडी पट्टी असायची, ती बाकावर आपटून ताल द्यायच्या. आपटता आपटता कधी कोणाच्या बोटांवरही पडायची, पण ते चुकून, असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्या काटोलला गेल्या. त्यांची पहिली नोकरी तिथली. एका संत्र्याच्या बागाईतदाराच्या घरात त्यांनी मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रमल्या.

निरोपाच्या दिवशी यांनी भर देवळात उभं राहून जाहीर केलं होतं, ‘‘बाई, दर नाताळाला आम्ही सगळे काटोलला येऊ आणि तुमच्या दारात गाऊ.’’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी डोळे पुसले. आणि त्यानंतर एकाही नाताळाला आम्ही गेलो नाही.

न जायला कारणं होती, आणि सगळी खरी. एका वर्षी गायकमंडळात दोन लग्नं निघाली. एका वर्षी गाडी ठरली नाही. मागच्या वर्षी तर निरोपही धाडला होता की येतोय, आणि आदल्या दिवशी पेटीचा भाता फाटला. पेटीशिवाय कसं जायचं, असं यांचं म्हणणं पडलं. नीट जाऊ, पुढच्या वर्षी.

पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधीची संध्याकाळ. मी मळलेल्या कणकेचा गोळा झाकून ठेवत होते, तेवढ्यात दारात बाईंचे घरमालक उभे. बैलांचा साज घ्यायला नागपूरला आले होते. खांद्यावरच्या पिशवीतून घुंगरं वाजत होती, आणि दुसऱ्या पिशवीत आमच्यासाठी मक्याची कणसं. बाईंनी पाठवलेली.

ह्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ‘‘बाई कशा आहेत?’’

‘‘तब्येत बरी हाये जी,’’ ते म्हणाले, ‘‘पण कान चालले. डावा तं गेलाच. उजव्यानं येते जरा जरा ऐकू, तेबी कमी कमी होऊन राहिलं. डाक्टरले दाखवलं. तो म्हणे, इलाज नाही. थोडे दिवस ऐकून घ्या जे ऐकायचं ते.’’

मी कणकेच्याच हातांनी बाहेर आले.

‘‘बाई काही बोलत नाही,’’ ते पुढे म्हणाले. ‘‘पण मागच्या नाताळाले सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली होती. आमच्या घरच्यांनी म्हटलं, बाई, जेवून घ्या. तं म्हणे, गाणारे येऊन राहिले, त्यांच्यासंगं जेवतो.’’

यांचा चेहरा उतरला. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘यंदा काही झालं तरी नाताळला यायचं. वचन देतो तुम्हाला.’’

‘‘नाताळ कई असते जी साहेब?’’

‘‘डिसेंबरात.’’

त्यांनी मनाशी हिशेब केला. ‘‘म्हणजे संत्र्याची तोड चालू राहते तवा. तवापर्यंत बाईचा कान राहीन का?’’

ते चहा पिऊन, घुंगरं वाजवत गेले. हे खिडकीशी उभे राहिले. मला यांची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीकडे बघूनच मला कळलं की आत ठरवाठरव सुरू झालेली आहे.

मी म्हटलं, ‘‘अहो, तान्ह्या पोळ्याला सगळ्यांना सुट्टी आहे. तेव्हाच जाऊ.’’

नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, आणि लोक त्यांना खाऊ देतात. त्या खाऊला बोजारा म्हणतात. शहरात त्याच दिवशी मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, त्यामुळे शाळा-कचेऱ्या बंद.

‘‘तान्ह्या पोळ्याला?’’ हे गर्रकन वळले. ‘‘नाताळची गाणी? आणि सराव? गाडी? पाळकसाहेबांना न विचारता?’’

‘‘मग विचारू या.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गायकमंडळाचा नेहमीचा सराव होता. यांनी सगळं सांगितलं. सगळे हळहळले. एकीने तर लगेच रुमाल काढला. मग नेहमीचं सुरू झालं. एवढ्या घाईत कसं होणार? बाईंना एखादं चांगलं यंत्र कानाला मिळतं का बघू. त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना ठेवू.

खर्जात गाणारे आमचे एक काका होते, रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला. ते मागून म्हणाले, ‘‘मला नाही जमणार. सुट्टीच्या दुपारी मी झोपतो.’’

काकांचं हे नेहमीचंच. कशालाही पहिला नकार त्यांचा.

पाळकसाहेब कोपऱ्यात बसून ऐकत होते. हे त्यांच्याकडे वळले. ‘‘साहेब, नाताळची गीतं अशी अवेळी गायला आपली परवानगी...’’

‘‘परवानगी कसली मागता?’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘प्रभू जगात आला ही बातमी भादव्यात खोटी होते का?’’ मग टक्कल खाजवत म्हणाले, ‘‘खरं सांगू? ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ हे माझ्या तोंडात इतकं बसलंय, की ते म्हटलं की मला काम झाल्यासारखंच वाटतं. बाईंचं कानाचं मला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. मी प्रार्थना केली. रोज केली. पण काटोलची गाडी काही धरली नाही. मी येतो तुमच्याबरोबर.’’

पाळकसाहेबच येणार म्हटल्यावर कोणाला मागे राहता येईना. तिथल्या तिथे ठरलं.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी मी करंज्या तळल्या. नाताळला करतात तशा, खोबऱ्याच्या. शेजारणीने खिडकीतून विचारलं, ‘‘तुमच्यातही पोळ्याला करंज्या करतात का हो?’’ मी म्हटलं, ‘‘यंदापासून करतात.’’

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही बसस्टँडवर जमलो. पेटीला ओल लागू नये म्हणून यांनी ती पांढऱ्या चादरीत गुंडाळून वर दोरी बांधली होती. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. मिरवणूक बघायला गावोगावचे लोक उतरत होते आणि सणाला घरी जाणारे चढत होते. काटोलची एक गाडी आली, भरली, गेली. दुसरी आली, तिच्या टपावरसुद्धा माणसं. आम्ही बायकामाणसं आणि ती पेटी, कसे चढणार?

यांनी घड्याळ पाहिलं. मग मला भीती होती तेच वाक्य आलं. ‘‘असं करू या का, पुढच्या रविवारी नीट...’’

‘‘सरका!’’ मागून आवाज आला. जमिनीच्या पोटातून यावा तसा आवाज. काका! इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, काखेत छत्री. ‘‘बसचा नाद सोडा. इटारसीकडे जाणारी पॅसेंजर मिळते अजून. काटोलला थांबते. चला उचला ती पेटी.’’

‘‘काका, तुम्हाला जमणार नव्हतं ना?’’ मी विचारलं.

‘‘नाहीच जमणार,’’ काका म्हणाले आणि पेटी स्वतःच उचलून डोक्यावर ठेवली.

बसस्टँडवरून स्टेशनकडे आम्ही अक्षरशः पळत निघालो. वाटेत एका गल्लीतून पोरांचा घोळका बडगे घेऊन आला. बडगे म्हणजे कागदाकापडाचे पुतळे. गावातल्या सगळ्या इडापिडा त्यांच्या माथी मारायच्या, ओरडत मिरवायचे आणि शेवटी जाळायचे. पोरांनी काकांच्या डोक्यावरचं पांढरं गाठोडं पाहिलं आणि त्यांना वाटलं, हाही बडगाच. झालं! आमच्यामागे ढोल वाजवत निघाली. ‘‘काका, कोणाचा बडगा? कुठं जाळता?’’

‘‘अरे, पेटी आहे ती! पेटी!’’ हे ओरडत होते. त्या ढोलात कोणाला ऐकू जाणार? पोरांनी स्टेशनच्या फाटकापर्यंत आम्हाला वाजतगाजत पोचवलं. पाळकसाहेबांना हसून हसून चालवेना. मी त्यांच्या हातातला करंज्यांचा डबा माझ्याकडे घेतला, न जाणो तो सांडायचा.

गाडीत जागा मिळाली. सराव नव्हता, म्हणून डब्यातच सुरू केला. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘‘भजनी मंडळ होय का?’’ ‘‘होय,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘म्हणा मग मोठ्यानं.’’ काटोल येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांना ध्रुवपद पाठ झालं होतं.

बाईंचं घर गावाच्या कडेला. दुपारची उन्हं पडली होती. फाटकातून आम्ही आत डोकावलो. अंगणात बाई खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर परात. परातीत लाह्या, फुटाणे आणि गूळ. समोर पोरांची रांग, प्रत्येकाच्या हातात दोरीला बांधलेला चाकांचा लाकडी बैल. कोणाच्या बैलाला झेंडूची माळ, कोणाच्या पाठीवर आईच्या साडीच्या तुकड्याची झूल. बाई मूठ भरून बोजारा देत होत्या आणि प्रत्येकाला विचारत होत्या, ‘‘बैलाचं नाव काय? मोठ्यानं सांग. अजून मोठ्यानं.’’

त्या वाळल्या होत्या. केस पांढरे झाले होते.

यांनी बोटाने सगळ्यांना गप्प केलं. फाटकाजवळच्या ओट्यावर पेटी ठेवली, चादर सोडली आणि सूर धरला. आम्ही गायला लागलो. पोरांनी माना वळवल्या. घरातून मालकांच्या घरच्या, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या. शेजारच्या अंगणातल्या बायका कुंपणाशी आल्या. सगळ्या जगाने वळून पाहिलं, बाई सोडून. त्या खाली वाकून पुढच्या पोराला गूळ देत होत्या.

पहिलं कडवं झालं. बाई वळल्या नाहीत.

मनात आलं, उशीर झाला. कान गेला. आपण यायच्या आतच गेला. यांच्याकडे पाहिलं तर यांची बोटं पट्ट्यांवर चालत होती, पण चेहरा पांढराफटक. दुसरं कडवं आम्ही नुसतं ओढत होतो. काका तेवढे थांबले नाहीत. उलट आवाज वाढवत ते अंगणातून सरळ चालत गेले, बाईंच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि तिथे त्यांनी तो खर्ज सोडला.

बाईंची मूठ परातीवर तशीच थांबली. मग त्यांनी मान हळूच उजवीकडे वळवली. आधी काकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग समोरच्या पोराला विचारलं, ‘‘आज काय आहे रे?’’

‘‘तान्हा पोळा,’’ तो ओरडला.

‘‘मग हे लोक नाताळचं काय गाताहेत?’’

आणि आमच्यापैकी कोणी काही बोलायच्या आत त्या उभ्या राहिल्या. मांडीवरची परात कलंडली, लाह्या अंगणभर झाल्या, पोरं त्यांवर तुटून पडली. बाई आल्या आणि पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, आता रडतील. त्यांनी हात वर केला.

‘‘थांबा. दुसरं कडवं वाईट गायलात. पुन्हा.’’

आम्ही हसलो, रडलो आणि पुन्हा गायलो. त्यांनी खुर्ची पेटीला चिकटवून ठेवून घेतली, उजवा कान भात्याकडे करून बसल्या आणि एकामागून एक गाणी सांगत गेल्या. नाताळची संपली, मग पुनरुत्थानाची म्हणजे ईस्टरची, मग लग्नातली. सगळी झाली. मग म्हणाल्या, ‘‘आता एकेकानं जवळ या. माझ्या कानाशी एकेक ओळ गा. कोणाचा आवाज कसा, ते मला नीट ठेवून द्यायचंय.’’

एकेक जण गेला. कानाशी वाकायचं आणि गायचं. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. पाळकसाहेबांचं गाणं म्हणजे उपदेशच, सुराशी संबंध नाही. बाई म्हणाल्या, ‘‘साहेब, तुम्ही बोललात तरी चालेल.’’ माझी पाळी आली. मी वाकले. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, शाळेतला तोच. ओळ कशीबशी पुरी केली. ‘‘घोगरा आहे अजून,’’ त्या समाधानाने म्हणाल्या.

हे बघून पोरं पुढे सरसावली. त्यांनाही कानाशी काहीतरी म्हणायचं होतं. पोळ्याला बैलांपुढे झडत्या म्हणतात, यमक जुळवलेल्या, गमतीच्या. एका लहानगीला पुढे ढकलण्यात आलं, ती लाजून बोलेना. मालकांच्या घरच्या तिला म्हणाल्या, ‘‘काहून वं, थांबली कायले? म्हण ना बाईच्या कानात!’’ मग तिने बाईंच्या गळ्यात हात टाकून अशी काही झडती ठोकली, की बाईंनी कान चोळला. ‘‘हा आवाज काही लवकर जायचा नाही!’’

मालकांनी कोणाला उपाशी जाऊ दिलं नाही. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या, कढी, आमच्या करंज्या. बाई आमच्या पंगतीत मध्ये बसून जेवल्या. यांच्या पानात त्यांनी स्वतः तूप वाढलं. यांनी तेवढ्यात म्हटलं, ‘‘बाई, मागच्या नाताळाला आम्ही...’’

बाईंनी कानाशी हात नेला. ‘‘काय? ऐकू नाही आलं. जेव.’’

त्यांना ऐकू आलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

परतीच्या गाडीत हे पेटी बाकाखाली सरकवून बसले. मग काकांना म्हणाले, ‘‘तुम्ही नसता तर आम्ही स्टँडवरूनच परत गेलो असतो.’’

‘‘मी येणारच नव्हतो,’’ काका म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून सुट्टीची झोप पुरी करायला लागले.

पाळकसाहेबांनी मला हळूच विचारलं, ‘‘प्रभू येशूचा तो दोन मुलांचा दाखला आठवतो? एक म्हणतो जातो आणि जात नाही, दुसरा म्हणतो जात नाही आणि जातो?’’ मी काकांकडे पाहिलं, मग यांच्याकडे, आणि आम्ही दोघंही तोंडाला पदर-रुमाल लावून हसलो. ह्यांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ पाळकसाहेब म्हणाले, ‘‘काही नाही. रविवारच्या उपदेशाचं बोलतोय.’’

पुढच्या रविवारी आजारी लोकांची नावं वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी डोळे मिटायच्या आधी विचारलं, ‘‘यांच्यापैकी कोणाकडे आज, इथूनच, कोण जाणार आहे?’’ मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पहिला हात यांचा वर गेला. मलाच नवल वाटलं. हे गेले, चहाही न पिता. काय न्यायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून रस्त्यात दिसली ती केळी घेतली. त्या घरी मधुमेह निघाला. केळी यांनी स्वतःच खाल्ली आणि रोग्याशी गप्पा मारत दुपारपर्यंत बसले. आले ते खूष होऊन आले.

संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत मालकांचा निरोप आला, की बाईंचा उजवा कानही मिटला. नाताळला आम्ही गेलो. या वेळी कोणाला काही समजवावं लागलं नाही. बहिरी माणसं बोलतात तशा बाई आता मोठ्याने बोलायच्या.

‘‘गा, गा!’’ त्या ओरडल्या. ‘‘माझ्याकडे तुमचे आवाज आहेत. मी आतून लावून घेते.’’

आम्ही गायला लागलो. बाई समोर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. तिसऱ्या कडव्याला त्यांनी पट्टीसारखं बोट यांच्यावर रोखलं.

‘‘ए! तू गात नाहीयेस. नुसतं तोंड हलवतोयस!’’

खरंच होतं. तिसरं कडवं यांना कधीच पाठ नव्हतं. इतकी वर्षं पेटीच्या आवाजात ते खपून जात होतं.